ही नळी कुठे जाते?

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, गाण्याची होते. लग्नाहून परतताना रिक्षात बसल्या बसल्या मठ्ठ्याची आणि जिलबीची होते, आणि ती पुष्कळदा कवितेच्या समीक्षेपेक्षा अधिक प्रामाणिक असते. पण वाफेच्या इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती, आणि तिच्यावर हौशी माणसाने स्वतःच्या हाताने बसवलेल्या केसाएवढ्या नळ्या, दांड्या, दिव्यांचे आकडे ह्यांची समीक्षा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील. कोणीच दिलेला नाही. पण साहित्याच्या समीक्षकांना तरी तो कुठे कोणी लेखी दिलेला असतो?

माझे शिक्षण झाले ते आमच्या साडूंच्या माळ्यावर. साडू गेली चाळीस वर्षे इंग्लंडात आहेत. पोरीबाळी उजवल्या, निवृत्त झाले, आणि त्या देशातले निवृत्त पुरुष जे दोन उद्योग करतात, त्यांतला बागकामाचा त्यांना जमेना म्हणून त्यांनी दुसरा धरला. घराच्या उतरत्या छपराखाली, जिथे आपण पाटवरवंटा आणि जुने पाळणे ठेवले असते, तिथे त्यांची एक आखीव रेल्वे आहे. आम्ही उभयता दोन उन्हाळे त्यांच्याकडे राहून आलो. बायका खाली लोणच्याच्या गप्पा मारीत आणि आम्ही वर वाकून बसलेलो. वाकून अशासाठी, की ते छप्पर इंजिनांच्या मापाचे आहे, माणसांच्या नव्हे.

पहिल्याच दिवशी मी "छान आहे हो तुमचं खेळणं," असे म्हणालो. साडूंचा चेहरा, मुलीला 'बरी आहे' म्हटल्यावर मुलीच्या बापाचा होतो तसा झाला. "खेळणं नव्हे, मॉडेल," ते म्हणाले. "खेळण्याला चाकं असतात. मॉडेलला माप असतं."

तर ते माप आधी समजून घेऊ. ब्रिटनमधले बहुसंख्य हौशी लोक खऱ्या १ फुटाला ४ मिलिमीटर ह्या प्रमाणात काम करतात. म्हणजे खऱ्याचा सुमारे शहात्तरावा हिस्सा. ह्या जगात साडेपाच फुटी ड्रायव्हर २२ मिलिमीटरचा, म्हणजे भुईमुगाच्या मोठ्या शेंगेहूनही लहान. बॉयलरच्या कडेने धरायला एक लांब गज असतो. तो खऱ्या इंजिनावर सव्वा इंच जाडीचा असेल, तर इथे त्याची तार होते ०.४ मिलिमीटरची. पूर्वीच्या कारखानी मॉडेलवर हा गज वेगळा नसेच. प्लॅस्टिकच्या अंगावरच एक उंचवटा ओतलेला असायचा, कपाळावरच्या शिरेसारखा. हौशी माणूस काय करतो? तो उंचवटा पात्याने खरवडतो, दोन बोटांत फिरवायच्या गिरमिटाने अर्ध्या मिलिमीटरची भोके पाडतो, त्यांत टाचणीच्या डोक्याएवढ्या पितळी खुंट्या बसवतो आणि त्यांतून तार ओवतो. एका बाजूला पाच खुंट्या. चार बसतात. पाचवी चिमट्यातून उडते आणि गालिच्यात जाते. साडूंच्या गालिच्यात आजमितीला दीड-दोन इंजिनांचा ऐवज असावा. आमच्या मेहुणीबाई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन वर येऊ लागल्या की साडू जिन्यात आडवे होतात.

मग आले डाख देणे. पितळेच्या दोन केसांना डाख द्यायचा, आणि तो देताना शेजारचा, काल दिलेला डाख वितळू द्यायचा नाही. त्यानंतर रंग. रंगाचा हात पाच शतांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या मापात तो जवळजवळ चार मिलिमीटरांचा थर होतो. त्याला रंग म्हणत नाहीत, गिलावा म्हणतात. आठवडाभर खपून कोरलेले बारीक काम ह्या गिलाव्याखाली बुडाले, तर माणसाने कोणाकडे पाहावे?

आता ह्या सगळ्या बारकाव्याच्या बुडाशी एक मोठा विनोद आहे, आणि तो मला फार आवडतो. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान, कारण तिथले पूल आणि बोगदे अरुंद. युरोपात रूढ असलेल्या १:८७ ह्या मापात ती केली, तर त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून कारखानदारांनी इंजिनाचा देह वाढवून फुटाला ४ मिलिमीटर केला आणि खालचे रूळ मात्र तेच, १६.५ मिलिमीटरचे, राहू दिले. खऱ्या रुळांतले अंतर ४ फूट साडेआठ इंच. ह्या हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर हवे. प्रत्यक्षात ते भरते ४ फूट दीड इंच. म्हणजे शालू खरा, नथ खरी, बुगड्या खऱ्या, आणि नवरीचे पाय मात्र सात इंचांनी जवळ आलेले! बहुसंख्य लोक गेली कित्येक दशके ह्याच रुळांवर सुखाने गाड्या चालवीत आहेत. काहींना ते सोसवेना. त्यांनी आधी १८ मिलिमीटरचे, पुढे १८.२ मिलिमीटरचे रूळ घातले. आणि १९६० च्या दशकात काही कडक सोवळ्यातली मंडळी थेट १८.८३ वर जाऊन बसली. शतांश मिलिमीटरचे सोवळे पाळणारा पंथ आपल्या काशीत तरी सापडेल का, शंका आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कधी उद्भवला नाही. दिवाळीचा किल्ला आठवा. पायथ्याला अळिवाचे रान, त्यात हत्तीएवढा वाघ, दरवाज्याशी दरवाज्याहून उंच मावळा, आणि वर सिंहासनावर महाराज, की जे उभे राहिले तर अख्खा बालेकिल्ला त्यांच्या गुडघ्याला लागेल. कोणी आक्षेप घेतला? उलट महाराज मोठेच असायला हवेत. रुखवतातही तेच. लोकरीचे बदक आणि काड्यापेटीचा बंगला शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि बदक बंगल्यात कसे शिरणार ही चिंता वरपक्षातली खाष्ट आत्यासुद्धा करीत नाही. आपण आकार मानाप्रमाणे ठरवतो, मापाप्रमाणे नव्हे. त्यामुळे मी माळ्यावर शिरलो तेव्हा माझा कल साहजिकच सैल बाजूला होता.

ह्या क्षेत्रात टीकेच्या दोन शाळा आहेत. पहिली रिव्हेट मोजणाऱ्यांची. इंग्रजीत ह्या लोकांना ह्याच नावाने चिडवतात. प्रदर्शनात हा गृहस्थ भिंग घेऊन येतो, वाकतो, बराच वेळ ओठ हलवतो आणि म्हणतो, "टेंडरच्या मागच्या पत्र्यावर दोन कमी आहेत." गंमत अशी, की पुष्कळ देखण्या प्रवासी इंजिनांवर रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवून, वर घासून, रंगवून टाकलेली असत, ती दिसूच नयेत हाच कारागिराचा कटाक्ष. तिथे हौशी माणूस मेहनतीने शेकडो रिव्हेट उठवतो. अशाने इंजिनाला देवी आल्यासारख्या दिसतात.

दुसरी शाळा तीन फुटांची. ती म्हणते, तीन फुटांवरून चांगले दिसले की झाले. दोन फुटांवर आलात तर चूक तुमची. ह्या शाळेचे लोक स्वभावाने प्रेमळ, पण त्यांच्याशी वाद घालता येत नाही. दहा फुटांवरून सगळ्याच स्वयंपाकाला वास चांगला येतो.

मला दोन्ही शाळा पटल्या नाहीत. एक फक्त मोजते, दुसरी फक्त लांब उभी राहते. माझी कसोटी साडूंनीच, नकळत, माझ्या हाती दिली. एके दिवशी ते एक नळी वाकवीत बसले होते. मी सहज विचारले, "ही नळी कुठे जाते हो?" वेळ घालवायला विचारलेला प्रश्न. पण साडूंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि पाऊण तास त्या नळीचे चरित्र सांगितले.

तेव्हा समजले, की इंजिनाच्या अंगावर दागिना असा एकही नाही. सगळे अवयव आहेत. चाकापुढे खाली येणारी जी बारीक नळी, तिच्यातून वाळू पडते. रूळ ओले असले, चाक जागच्या जागी गरगरू लागले, की ड्रायव्हर वाळू सोडतो आणि चाकाला पकड मिळते. म्हणून त्या नळीचे टोक रुळाच्या अगदी जवळ, चाक रुळाला टेकते तिकडे रोखलेले हवे. धरायचा तो गज? काही इंजिनांवर तो पोकळ असे, आणि पुढच्या धुराच्या पेटीत वाफेचा झोत सोडणाऱ्या ब्लोअरची दांडी त्याच्या पोटातून जाई. म्हणजे गज धरायला आणि दांडी लपवायला, एका कामात दोन कामे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांवर दोन शिट्ट्या दिसतात. मला वाटले एक बिघडली तर दुसरी असावी. छे! एक नेहमीची, दुसरी घोगरी, गार्डाला 'ब्रेक लाव' म्हणून सांगण्याची.

झाले! मला समीक्षेचे सूत्र मिळाले. रिव्हेट किती आहेत ते विचारायचे नाही, किती लांबून पाहू तेही विचारायचे नाही. प्रत्येक तपशिलाला एकच विचारायचे: बाबा, तू काय काम करतोस? कुठून निघालास आणि कुठे चाललास? ज्याला उत्तर देता येते तो तपशील खरा. बाकीची सगळी झालर.

हे सूत्र घेऊन मी साडूंबरोबर एका गावच्या प्रदर्शनात गेलो. शाळेचा हॉल, चहाचे टेबल, आणि चाळीसेक सद्गृहस्थ आपापल्या रुळांमागे उभे. एका इंजिनाभोवती गर्दी होती. पितळी नळ्यांचे असे जाळे, की बॉयलर दिसेना. मी एका नळीचा पाठलाग सुरू केला. ती ड्रायव्हरच्या खोपटातून निघाली, झोकदार वळण घेऊन घुमटामागे गेली आणि तिथे संपली. संपली म्हणजे कुठे शिरली नाही, नुसती संपली, आमच्या गल्लीत तीन वेळा खणलेल्या पाइपलाइनीसारखी. समोर दोन्ही बफरांवर एकेक दिवा. आता ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या पुढचे हे दिवे कुठे टांगले ह्यावरून गाडीचा दर्जा ओळखत: दोन बफरांवर दोन म्हणजे एक्स्प्रेस, धुराड्याच्या पायाशी एकच, म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. ह्या एक्स्प्रेसच्या मागे होते गावठी लाइनीवरचे दोन जुने डबे. ते इतके दमून चालले होते, की प्रत्येक स्टेशनावर थांबल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. दिव्याचा आकडा वाकवायला त्या गृहस्थांनी संध्याकाळ घालवली असणार. तो दिवा काय सांगतो हे वाचायला पाच मिनिटे पुरली असती.

इतके तपासून झाल्यावर मी साडूंच्या इंजिनावरही हेच शस्त्र चालवले. त्यांच्या वाळूच्या नळ्या मापाने बिनचूक आहेत. पण रूळ १६.५ चे! प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटरला थोडे कमी, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन इंच, रूळ आत सरकलेला. नळी बरोबर जागी बसवली तर वाळू रुळावर न पडता बाहेर खडीवर पडणार. रुळावर पाडायची तर नळी चुकीच्या जागी बसवावी लागणार. मी हे बोलून दाखवताच साडू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही परत कधी जाणार?"

रात्री मात्र त्यांनी ती नळी आत वाकवली. मापाला सोडले, कामाला धरले. मला विचाराल तर ह्या छंदाच्या सौंदर्यशास्त्रातला सगळ्यांत अवघड निर्णय हाच आहे, आणि तो त्यांनी योग्य घेतला.

ह्या कलेचे पंढरपूर म्हणजे ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावचे पेंडन संग्रहालय. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या माणसाने (आडनावच इंग्लंड, त्याला इलाज नाही) १९५४ साली ते सुरू केले. गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना पाहून तो कळवळला आणि आसपासच्या खोऱ्याचे पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधले रूप त्याने ह्याच ४ मिलिमीटरच्या मापात उभे करायला घेतले. तिथली कित्येक इंजिने गाय विल्यम्स (मुद्रणदोष नाही) ह्यांनी धातूच्या पत्र्यातून हाताने घडवलेली. मी तिथे तास दीड तास उभा होतो. नळी कुठे संपली आहे ते शोधत होतो. सापडले नाही. प्रत्येक नळी कुठून तरी निघून कुठे तरी जात होती. घरांच्या परसातल्या भाजीचे वाफेसुद्धा कोणीतरी खाणार आहे असे वाटत होते.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा नळीचा एवढा बडेजाव कशाला? त्याचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची शेवटची प्रवासी गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी धावली. त्या दिवशी जो फायरमन सतरा वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून बसला आहे. हौशी संस्थांनी जपलेल्या काही मार्गांवर इंजिने अजून धावतात, पण पगारासाठी रोज पहाटे कोळसा ओढलेली माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. असाच एक म्हातारा त्या प्रदर्शनात साडूंच्या टेबलापाशी आला. त्याने धुराडे पाहिले नाही, रिव्हेट मोजले नाहीत. गुडघे धरून खाली वाकला आणि ड्रायव्हरच्या खोपटाच्या पायरीमागे काहीतरी शोधू लागला. तिथे एक छोटी नळी असते. वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर नावाचे यंत्र असते, त्याचे सांडपाणी तिच्यातून बाहेर पडते. फायरमन बाहेर डोके काढून तिच्याकडे बघे: पाणी ठिबकत असेल तर इंजेक्टर नीट घेत नाही. बॉयलरमधले पाणी फार उतरले तर प्राणाशी गाठ. एरवी ही नळी कोणाला दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण ती बसवीतच नाहीत. साडूंनी बसवली होती. म्हातारा उठला, साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी आयुष्यभर हिच्याकडेच बघत होतो." आणि चहा घ्यायला गेला. साडू त्यानंतर तासभर कोणाशी बोलले नाहीत.

हल्ली २००० सालच्या आसपासपासून चीनमध्ये तयार होऊन येणाऱ्या मॉडेलांवर गज, नळ्या, शिट्ट्या सगळे आयते असते. उरलेसुरले भाग एका पुडीत, शेवेच्या पाकिटाबरोबर मसाला यावा तसे. दिसायला ती साडूंच्या कामाहून सुबक असतात हे कबूल करावे लागेल. पण आयत्या नळीला 'कुठे जातेस' असे विचारायची पाळी कोणावर येत नाही. ती वाकवताना कोणाची बोटे भाजत नाहीत, म्हणून ती कोणाच्या डोक्यात शिरत नाही. हातकामाची बाजू मी घेतो ती एवढ्यासाठीच. सुबकपणासाठी नव्हे.

ह्यात आपला संबंध काय? आहे. आपल्या ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ च्या डिसेंबरात थांबली. पुण्यात जोशी ह्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, पोरे तिथून हलत नाहीत. पण आपली इंजिने घरी बसून घडवायची तर अडचण थेट रुळांपासून. १:८७ च्या मापात तेच १६.५ चे रूळ घेतले तर आपली ५ फूट ६ इंचांची ब्रॉडगेज साडेनऊ इंचांनी आखडते. साहेबाचा घोटाळा सात इंचांचा, आपला साडेनऊचा. इथेही आपण पुढे. आणि तपशील? १९४७ पासून आलेली ती टोकदार नाकाची डब्ल्यूपी आठवा. नाकावर तारा. ड्रायव्हर-फायरमन मंडळी इंजिनाचे पितळ घासूनपुसून चमकवीत, खंडेनवमीला झेंडूची माळ घालीत. माझी कसोटी इथे अडखळते की काय? ताऱ्याने एक वाघिण ओढली जात नाही, झेंडूने वाफ वाढत नाही. पण तोही तपशील कामाचाच. इंजिन कोणाचे होते, त्याच्यावर कोणाचा जीव होता, हे तो सांगतो. मॉडेलवर तारा लावायचा तर त्याच इंजिनाचा, तसाच लावायला हवा. आणि तो कसा होता हे सांगणारी माणसे आपल्याही चाळींतून, रेल्वे कॉलन्यांतून सत्तरी ओलांडून बसली आहेत. त्यांना नातवंडे फार तर शिट्टी वाजवून दाखवायला सांगतात. नळी कुठे जात होती हे कोणीतरी विचारायला हवे.

जाता जाता होतकरू समीक्षकांसाठी एक सूचना. आपल्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली आणि 'एल. व्ही.' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ब्रिटनमध्ये त्या जागी लाल दिवा. गाडी पुढे गेली की सिग्नलवाला तो बघतो. दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली; नाही दिसला तर काही डबे मागे सुटले असतील, तेव्हा मागून येणाऱ्या गाडीला थांबवायचे. पुढच्या बाजूला साठ नळ्या लावणारे कित्येक महाभाग हा दिवा विसरतात. तेव्हा हल्ली कोणी कौतुकाने मॉडेल दाखवू लागला, की मी इंजिनाकडे न बघता तडक गाडीच्या शेपटाकडे चालू लागतो. यजमानांना वाटते, पाहुणा कंटाळून घरी निघाला.